हॉर्नपुरती बॅटरी

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज हॉर्न वाजलाच नाही. चिंचेच्या वळणावर बटण दाबले — नुसते टक्! पुन्हा दाबले. टक्. घरी आलो तर पद्मा खाटेवर बसून पदराचे टोक गुंडाळत होती. मान वर केली नाही.

मोटारसायकलवरून भाडी मारायचे सोडून वर्षे झाली. गाव अजून मला पायलटच म्हणतो. वळणावरचा हॉर्न मात्र मी सोडला नव्हता. नाक्यावर जाऊन आलो तरी वाजवायचा. आम्हा पायलटांची ती रीत. स्टँडवर गिऱ्हाइकाला एकच छोटा — येणार का? घराजवळ आले की ज्याचा त्याचा वेगळा. माझा दोन लांब, जरा थांबून एक. तो ऐकला की पद्मा चहा ठेवायची आणि दारात येऊन उभी राहायची.

गेल्या वर्षापासून तिचे विसरणे वाढले. देवाला दिवा लावायचे विसरली. अंकिताचे नाव विसरली — पोटची मुलगी! पण हॉर्न वाजला की दारात. आता महिना होईल, येत नाही.

येणार कशी? हॉर्नच बसला आहे. आधी आजारी कावळ्यासारखा झाला, आज मेला. ऐकू आले तर येईल ना! बॅटरी बदलली पाहिजे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बॅटरी काढून बघितली. टोकांना हिरवट पांढरा मळ. पाणी खाली गेलेले. विहिरीचे घातले, फडक्यातून गाळून. काही फरक नाही. गाडी किकवर सुरू होते. पण हॉर्नला बॅटरी लागतेच.

डिचोलीला जायला हवे. पद्माला कोणापाशी ठेवू? गॅस उघडा ठेवला तर? विहिरीकडे गेली तर? उद्या बघू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नाही गेलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अंकिताचा हरमलहून फोन. बॅटरीचे सांगितले. म्हणते, "बाबा, ते हॉर्नाचं नाही. आईलाच आता कळत नाही."

मी भडकलो. म्हटले, तुला तिथे खोल्या आणि गोरे पाहुणे सांभाळून इथले काय कळते? बोलू नये ते बोललो. ती रडली. मग म्हणाली, "तेवीस तारखेला, रविवारी, मी गाडी घेऊन येते. दोघांनाही इकडे आणते. तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही."

हरमलला कुठले वळण? कुठले आमचे दार? इथे निदान भिंती तरी तिच्या ओळखीच्या आहेत.

येऊ दे तिला. तिच्यासमोर हॉर्न वाजवतो. पद्मा दारात येईल. मग बघू काय बोलते!

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेलो एकदाचा. शेजारच्या रोहिणीला पद्मापाशी बसवले. रोहिणी मूळची दोडामार्गची, तोंडाने फटकळ. "जावा हो काका! काकी काय पळान जातली काय?" तरी मी फाटकातून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा तिने मला हाताने हाकलले.

डिचोलीला कृष्णनाथचे बॅटरीचे दुकान. जुना माणूस, मला पेडण्याच्या स्टँडापासून ओळखतो. त्याने बॅटरीचे झाकण उघडून बघितले आणि कपाळाला हात लावला.

"महादेवा, उदक खंयचं घातलंस?"

"घरच्या विहिरीचं."

"मुळगावच्या बांयचं! अरे, त्यात अर्धं लोखंड! जन्म गेला तुझा गाडीवर आणि बॅटरीला बांयचं उदक पाजतोस? बरोबर भाकरी नाही दिलीस?"

दुकानातली माणसे हसली. मीही हसलो. मला ठाऊक नव्हते असे नाही. बॅटरीचे पाणी आणायला डिचोलीला यायचे म्हणजे पद्माला सोडून यायचे — ते काय त्यांच्यासमोर सांगू?

मग जरा हळू म्हणाला, "किकवर चालते मरे. भाडी मारत नाहीस. नवी कशाला घालतोस?"

"हॉर्नासाठी."

माझ्याकडे बघत राहिला. नवी बॅटरी चार्जिंगला लावली. उद्या दुकान बंद. सोमवारी ये म्हणाला.

घरी आलो तर रोहिणी म्हणते, "काकीन माका इचारल्यान, तू कोणाची गो? मी म्हटलंय, शेजारची. तर म्हणता, माझी आई खंय गेली?"

आई! सासूबाईंना जाऊन एक जमाना झाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

अंगणात बसवून पद्माचे केस विंचरले. किती थोडे उरले! ती स्वतःशीच गुणगुणत होती. मध्येच वळून माझ्या हाताकडे बघायची. हाताकडेच. तोंडाकडे नाही.

ही पार्सेची. पेडण्याच्या बाजाराला यायची आणि जाताना माझ्याच गाडीवर बसायची. मागची लोखंडी दांडी धरून. परक्याच्या खांद्याला हात लावायचा नाही अशी आईची ताकीद. उतारावर ही पडेल म्हणून माझाच जीव वर-खाली. लग्नानंतर पहिल्यांदा खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी गाडी सरळ खड्ड्यात घातली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

उद्या बॅटरी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बॅटरी बसली. कृष्णनाथने स्वतः हॉर्न वाजवून बघितला — अख्खा बाजार वळला! "आता हिला उदक पाजू नको हां. हिला लागत नाही." पाणी न लागणारी बॅटरी कधी ऐकली नव्हती. टिकेल ना? वाटभर तेच डोक्यात.

वळणावर आलो. दोन लांब. थांबलो. एक.

काय वाजला! चिंचेवरचे पक्षी उडाले. कुत्री भुंकायला लागली. दारात रोहिणी आली.

पद्मा नाही.

फाटकाशी येऊन पुन्हा वाजवला. आतून तिचा आवाज आला, "कोण गो तो सारखा बोंबलतो?"

रोहिणी माझ्याकडे न बघता तिच्या घरी गेली. एरवी जाताना काहीतरी टोमणा मारते. आज नाही मारला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कान! तिचे कान भरले असतील. मळ साठला की माणसाला आवाज येतो पण कुठला ते कळत नाही. डॉक्टरला दाखवायला हवे. हे आधी कसे सुचले नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पाववाला पोदेर आला. सायकल अजून चिंचेपाशी, तिथूनच त्याचे पोंक पोंक. पद्मा खाटेवरून उठली. खुंटीवरची पिशवी घेतली, दारात गेली, पाव मागून घेतले. "कालचे नकोत हां," असेही म्हणाली.

तिचे कान चांगले आहेत.

बॅटरीही चांगली आहे.

चहा केला. तिला पाव बुडवून दिला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज हॉर्न न वाजवताच आलो. पद्मा दारातच होती. म्हणाली, "कोण हवंय तुम्हाला?"

२२ नोव्हेंबर, शनिवार

काल काही लिहिले नाही.

अंकिताला फोन केला. म्हटले, उद्या ये. आईला घेऊन जा, मीही येतो. ती बरं म्हणाली. मग विचारते, "बाबा, हॉर्न?"

"चांगला वाजतो."

पद्माच्या साड्या बांधल्या. निळी वर ठेवली, तिला आवडते. आवडायची. गाडी इथेच राहील. रोहिणी म्हणाली, "मी फडको घालीन हो काका. तुम्ही तिचो घोर घेव नकात." मुद्दाम खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

अंकिता संध्याकाळी येणार. सकाळी गाडी पुसली, एकदा चालू करून पडवीत घ्यायला गेलो. वाटेत रोहिणीची कोंबडी. तिला हाकलायला हॉर्न दिला. एकच, छोटा.

पद्मा दारात!

गाठोड्यावरची निळी साडी नेसलेली, हातात बाजाराची पिशवी. घाईघाईने पायऱ्या उतरली. "पायलट, पार्सेला येतोस? आई वाट बघत असेल."

मी म्हटले, बस.

मागची दांडी धरून बसली. माझ्या खांद्याला हात लावला नाही. हळूहळू देवळापर्यंत नेली. वाटेत तीच म्हणाली, "लगीन झालंय तुझं?"

"झालंय."

"मग मला सोडलंस की घरी जा रे बेगीन. चहा ठेवून दारात उभी असेल ती."