मामांनी न मारलेली गाठ

बऱ्हाणपूर, १९ जानेवारी २०२५

ती. अमृताताईस,
तुषारचा नमस्कार, आणि सोबत एक कबुली.

हे पत्र चार दिवसांपासून टाळतोय. पहिल्या दिवशी पेन आणायला इतवाऱ्याच्या बाजारात गेलो, तर जिलबीच्या कढईपाशीच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी केळीचा एक ट्रक दिल्लीला निघाला होता, ड्रायव्हर ओळखीचा निघाला, मग काय, गप्पा. गेलो नाही, घाबरू नको. खरं कारण वेगळं. बातमी बरी नाही आणि फोनवर सांगितली असती तर तू तशीच मामांना फोन लावला असतास.

तुला माहीत आहे, मी दिवाळीपासून कापडमिलमध्ये अरविंदमामांच्या हाताखालच्या नऊ शिकाऊंपैकी एक आहे. आयटीआय सोडलं, सुरत सोडली, हे अजून सोडलं नाही, याची नोंद घे. तर आता कंपनीनं ठरवलंय की जो शिकवतो त्याचीही परीक्षा घ्यायची. इंदूरच्या ऑफिसातून निर्मला मॅडम आल्या आणि दिवसभर मागच्या बाकावर बसून लिहीत राहिल्या. याला कारण धर्मेंद्र सुपरवायझर. मामांनी पास केलेल्यांना साधा धागा जोडता येत नाही, अशी तक्रार त्यानं वर केली. तीन आठवड्यांनी परत परीक्षा. त्यात जमलं नाही तर ट्रेनिंग बाहेरच्या एजन्सीला आणि मामा गोदामात, गाठोड्यांवर नंबर टाकायला. विमलमामी म्हणते, ते ताटावरून अर्धवटच उठतात.

आणि ताई, धर्मेंद्र खोटं बोलत नाही. धागा तुटला की माग थांबतो. दोन टोकं धरून बारीक गाठ मारायची, जाड झाली तर मागाच्या फणीत अडकते. मामा सांगतात छान. पण कोणाचा हात जरा अडखळला की सरक, दे इकडे, म्हणत स्वतःच मारून मोकळे. मॅडमनी मोजल्या: दिवसात तेवीस गाठी, तेवीसच्या तेवीस मामांच्या. आमच्या नावापुढे मात्र पास.

मॅडमनी रिपोर्टात लिहिलं की शिकणाऱ्यांचा सहभाग वाढवा. मामांना वाटलं, आपलं इंग्रजी आणि कॉम्प्युटर कमी पडलं. आता त्यांनी माझ्याकडून चाळीस स्लाइड बनवून घेतल्यात आणि आम्ही नऊ जण त्या रोज एका सुरात वाचतो. आमच्यातल्या जसोंडी गावच्या मालूबाईला वाचता येत नाही, ती नुसती ओठ हलवते. काय करू, सांग.

लोभ आहे तेवढा पुरे, थोडी अक्कल पाठव.
तुझा तुषार

अमरावती, २५ जानेवारी २०२५

चि. तुषारला,
आशीर्वाद, आणि पेन मिळाल्याबद्दल अभिनंदन.

वाचून हसू आलं, आणि मग पत्र पुन्हा एकदा वाचलं. आई गेल्यावर मामांनी आपल्याला असंच वाढवलं ना रे. सातवीत माझा शिवणाचा रुमाल त्यांनीच पूर्ण केला होता. शाळेत मला पहिलं बक्षीस मिळालं, आणि आजही शर्टाला बटण लावायचं तर मी शेजारच्या काकूंकडे जाते. त्यांना कोणाची फजिती बघवत नाही, एवढाच त्यांचा दोष.

हे त्यांना सांगायला हवं आणि ते तूच सांग. मी सांगितलं तर मास्तरीणबाई झालीस, म्हणून हसण्यावारी नेतील. तू इतक्यांदा नापास झालायस की तुझ्या तोंडून त्यांना कमी लागेल. आमच्या शाळेत नव्या शिक्षकांना मी एकच सांगते, पोराच्या हातातली पेन्सिल घेऊ नका. बघ, उपयोग झाला तर. आणि त्या ट्रकवर चढलास तर याद राख.

मामीला नमस्कार. तू जेवतोस ना वेळेवर?
तुझी ताई

बऱ्हाणपूर, २३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
महिन्यानं लिहितोय, पण या वेळी मोकळ्या मनानं.

सांगितलं. सकाळी तापीच्या राजघाटावर मामा पाण्यात पाय सोडून बसले होते, तेव्हा तुझ्या रुमालाची गोष्ट काढली आणि तिथूनच तेवीस गाठींवर आलो. ते उठले, पाय पुसले आणि घराकडे चालू लागले. पुढचे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मामी म्हणाली, पोरा, तू तर चांगलंच काम केलंस, निदान घर शांत आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मामीला समोर बसवलं, सुताची दोन टोकं दिली आणि नुसत्या तोंडानं गाठ शिकवायला लागले. हात सारखे पुढे जायचे. मग मामीनं त्यांच्या मांडीवर कापूस ठेवला, देवाच्या वाती वळा म्हणाली. म्हणे, लग्नाला तीस वर्षं झाली, तुमचे हात रिकामे बसलेले मी पाहिले नाहीत. पंधरा मिनिटांत मामीची गाठ बसली आणि अठरा वाती झाल्या.

स्लाइड गेल्या. मामा कापूस घेऊन वर्गात यायला लागले. पोरं पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी कोणाला वेळच नव्हता. मग मॅडम परत आल्या. नेमका मालूबाईचा धागा सुटला. एकदा, दोनदा, सहा वेळा. मामांचं कपाळ घामानं भिजलं, वात वळता वळता तुटली, पण ते जागचे हलले नाहीत. फक्त म्हणाले, "मालूबाई, घाई कोणाला आहे?" सातव्यांदा बसली. तिनं ती सगळ्यांना दाखवली, मॅडमनासुद्धा. मॅडमच्या कागदावर मामांची गाठ एकच, सुरुवातीला दाखवलेली.

आमची खरी परीक्षा दहा दिवसांनी, चालू मागावर. नऊ जणांतले आठ पास. नववा कोण ते विचारू नको, मला पुढच्या तुकडीत परत बसवलंय. म्हणजे अजून दोन महिने तरी मी इथंच. मामा ट्रेनिंगलाच राहिले, कंपनीचं पत्र परवा आलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं आणि मामी उगाचच भांडी जोरात वाजवत होती.

बाकी, इतवाऱ्यात एक जण जुने रेडिओ दुरुस्त करतो, तिकडे मी तासन्‌तास

थांब, दार वाजलं म्हणून उठलो होतो. ताई, धर्मेंद्र आलाय. रविवारी, आमच्या घरी, डोक्याला रुमाल गुंडाळून, गल्लीत कोणी ओळखू नये असा. पिशवीत सुताची दोन रिळं आहेत. मामांना हळूच म्हणतोय की डिप्लोमात हे कधी हातानं करून घेतलंच नाही, आणि मागावर पोरांसमोर विचारायची लाज वाटते. मामांनी त्याला पाट दिलाय आणि कापूस कुठं आहे ते मामीला विचारतायत.