वर्षांवर केलेलं अपील

आई, कुणी 'कोर्ट' म्हटलं की मला अजून तू दिसतेस. दुष्काळी कामावर खडी फोडून तशीच एसटीनं नगरला आलेली, पापण्यांवर धूळ. थोरल्या भावाला दहा वर्षांची शिक्षा लागली होती. नेवाशाच्या बाजारात भांडणात त्यानं गावठी पिस्तूल झाडलं, एकाच्या मांडीत गोळी गेली. आधीही एकदा पिस्तुलासकट सापडलेला, म्हणून 'माणूस धोकादायक आहे' असं म्हणत जज्जांनी शिक्षा वाढवून दिली. तू वकिलांच्या खोलीत जमिनीवरच बसलीस. मामा म्हणाला, "साहेब, आमचा भाचा तिथं नव्हताच, असं लिवा." "गप रे, शान्या," तू म्हणालीस. "गोळी माझ्याच पोरानं झाडली."

वकील चष्मा काढून तुझ्याकडे बघू लागले. "मग बाई, अपील करायचं कशावर?"

"वर्सांवर करा. गोळीवर नगं."

मामा उसळला, "आक्के, तू त्याची आई हाय का सरकारी वकील?"

"आई हाय म्हून तर सांगते. खोट्यानं सुटला तर उद्या कुनाच्या छातीत घालंल. पन म्हातारा व्हऊन घरी यावा, असंबी न्हाई."

वकिलांनी बजावलं, वरच्या कोर्टाला पटलं नाही तर शिक्षा वाढूही शकते. मी दारातून बघत होतो, तू पदरानं पापण्यांवरची धूळ पुसलीस. मग तू म्हणालीस, "वाढली तर मी सांगंन त्याला. तुमी करा."

मुंबईला हायकोर्टात सगळं इंग्रजीत चाललं होतं. मला कळलं ते एवढंच, की जज्जांचा आवाज मध्येच उतरला आणि 'मदर' हा शब्द दोनदा आला. दहाची सहा झाली. घरी येऊन मी ओरडतच सांगितलं, तर भाकरी थापता थापता तू विचारलंस, "त्या मानसाचा पाय कसा हाय, इचारलं का कुनी?"

आज माझे चार टेम्पो आहेत. माल फुटला की आधी कबूल करायचं, घासाघीस मग, हा धंदा मी तुझ्याकडून शिकलो. लोक मला हुशार म्हणतात, मी म्हणू देतो. थोरला चाळिशीच्या आत सुटला, त्याचा संसार झाला. आता माझ्याच गाड्या बघतो, माझ्या नातवंडांना खांद्यावर घेऊन हिंडतो. ही सगळी तुझी कमाई.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धीर झाला. इतकी वर्षं झाली, आई, पण थोरला दारात उभा राहिला की माझी नजर अजून आधी त्याच्या हातांकडे जाते.