केबिनमधली कुजबुज

आप्पा, डोकं पार फिरलंय आज, आणि तुमच्याशिवाय कुणापाशी बोलू? ती ऑफिसातली विनोदी मालिका आठवते? खडूस साहेब, झोपाळू हेडक्लार्क, आगाऊ शिपाई. रविवारी सकाळी सगळी आळी आपल्या टीव्हीपुढं. तिच्यातला साहेबाच्या वाढदिवसाचा भाग कुणीतरी नेटवर टाकलाय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हटलं तुमच्या आठवणीनं बघावा. पण आवाज? नुसता भिकार! शिपाई साहेबाच्या कानात काहीतरी कुजबुजतो आणि अख्खं ऑफिस हसत सुटतं. सगळा भाग त्या एका वाक्यावर उभा, आणि नेमकं तेच ऐकू येत नाही. दौंडातून नवे हेडफोन आणले, तरी तेच. टाकणाऱ्याला खाली चार शब्द सुनावले, तर तो उलट लिहितो, "बाकी कुणाची तक्रार नाही, भाऊ." एवढ्यात लेक आली. एकदाच ऐकलं आणि पोट धरून हसायला लागली. "पप्पा, क्लिअर तर आहे की! पुण्याला कान दाखवून या बरं." मी तिच्यावरच खेकसलो.

ह्याच भागाला तुम्ही विचारत होता, "काय म्हणला रं त्यो?" दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा पाव्हण्यांसमोर ओरडलो, "बहिरे झालात का?" तुम्ही हसलात, कारण सगळे हसत होते. कुरकुंभला कंपनीत कंप्रेसरच्या आवाजात तुमचा जन्म गेला हे काय मला ठाऊक नव्हतं? लाज वाटते आप्पा. तेव्हा ते वाक्य मला तोंडपाठ होतं. आता काही केल्या आठवत नाही.

तुमच्या जागेवर मला चिकटवलंत तेव्हा कंपनीतल्या कानाच्या तपासणीबद्दल बजावलं होतं. हेडफोनात आवाज आला की बोट वर करायचं, फेल झालं की घरी. कंत्राटी माणसाला दुसरं काम कोण देतं? "आवाजाच्या मागं लागू नगंस. आवाजाचं बटण दाबताना तपासणाऱ्या नर्सबाईंचं कोपर हलतंय. हललं की बोट वर." दरसाल मी तेच करतो. म्हणून हे पत्र लेकीच्या हाती लागता कामा नये. कंपनीतल्या लॉकरात ठेवून देतो. परवाच तपासणी झाली. नर्सबाई म्हणाल्या, "कान एकदम फस्टक्लास आहेत तुमचे." म्हणजे, तसंच म्हणाल्या असाव्यात. मी त्यांच्या ओठांकडं बघत होतो.