धुळ्याच्या बोर्डिंगातली उमेदवारी

सोमवार, आखाजीला बारा दिवस

पोचले एकदाची! फैजपूरहून जळगाव, जळगावहून धुळे, आणि दोन्ही यष्ट्यांत खिडकी मिळाली. साठीनंतर नोकरी म्हणून सून हसली. हसू दे. साक्षरता वर्गात गुरुजी म्हणायचे, धुरपदाबाई, रोज चार ओळी लिहा. मी काय चारवर थांबणारी आहे! तर, मुलांच्या या बोर्डिंगाला जूनपासून स्वयंपाकीण पाहिजे, राहायला खोली देतात. खोलीसाठीच तर आले. माझ्या लेकाने, उखर्डूने, सांगून टाकलंय, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खोली मिळाली तर कुंदाला धुळ्याच्या शाळेत घाल, नाहीतर मी तिचं लग्न उरकतो. कुंदा माझी नात, तेराची, गणितात पहिली. तिला म्हटलं, दप्तर भरून ठेव बाई.

व्यवस्थापक अभिमन आप्पा मोठे गोड बोलले. म्हणाले, यंदा तुम्ही एकट्याच उमेदवार, आठ दिवस काम बघू, मग सांगू. मुलं सुट्टीत घरी गेलीत, म्हणून वर्षाचे पापड-कुरडया आत्ताच करायच्या. पातेली केवढी! आमच्या गावजेवणालासुद्धा एवढी नसतात.

बुधवार, दहा दिवस

एकटी कशाची? कोठीत दुसरी बाई निघाली. सुगंधाबाई, पारोळ्याची. आप्पा विसरले असतील. तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, म्हणजे माझंच काम पसंत दिसतंय.

आज भाकरी थापून दाखवली. आप्पांनी बोटाने उचलली, जाड आहे म्हणाले, परत थापायला लावली. चाळीस वर्षं थापतेय, पण असो. इथला नियम असा की उमेदवाराने बोर्डिंगचं अन्न खायचं नाही, लोक म्हणतील खाऊन-पिऊन नेमणूक झाली. आणि फाटकाबाहेर गेलं की गैरहजर. मी घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणलीय. सुगंधाबाईला दिली तर नको म्हणाली. उलट मलाच म्हणते, घर निंघी जाय, माय. मी काय खुळी आहे? मी गेले की खोली तिला!

शनिवार, सात दिवस

भाकऱ्या संपल्या. पाणी पिऊन असते.

गव्हाचा चीक काढला. गरम चिकाचा वास अंगणभर. कुंदा अशा वेळी वाटी घेऊन चुलीपाशी बसते, वर तेल मागते. बोटाला लागलेलासुद्धा मी चाटला नाही, फडक्याला पुसला. आप्पा दारात उभे होते. विचारलं, माझं कसं काय? म्हणाले, उद्या सांगतो.

सोमवार, पाच दिवस

उद्या म्हणाले.

गच्चीवर कुरडया घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. उठले तेव्हा ऊन उतरलेलं. बरं वाटतंय. भूक गेली ती गेलीच. दिवसभराच्या उन्हाने पत्रा तापलेला, पण हाताला काही लागत नाही.

खाली कोठीत भिंतीला टेकून सात-आठ बाया बसल्यात. कधी आल्या? सुगंधाबाईला विचारलं. म्हणाली, बठ्ठ्या उमेदवारच शेतस. सगळ्याच्या सगळ्या! ती स्वतः तीन आखाज्या झाल्या, इथेच आहे. म्हणते, ती पण अशीच गच्चीवर पडली, ती परत उठलीच नाही.

मी तिला खोटारडी म्हणाले.

मंगळवार

आप्पांनी माझं नाव पुकारलं. मी हजर म्हणाले. परत पुकारलं. मी समोर उभी राहून ओरडले — त्यांनी वहीत गैरहजर लिहिलं आणि माझी वळकटी माळ्यावर टाकून दिली.

फाटकापर्यंत जाते. पुढे पाऊल —

आखाजी

बाहेर पोरींची झोक्यावरची गाणी. कुंदाचं लग्न आता —

सुगंधाबाई खरं बोलत होती. तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, मला खोली पाहिजे होती.

दिवस माहीत नाही

फाटकात कुंदा! दप्तर घेऊन. एकटी, घरातून पळून.

आप्पांना माझं विचारते. ते म्हणाले, आली होती म्हातारी, न सांगता निघून गेली. मग गोड बोलले, तूच का करून दाखवत नाहीस, जमलं तर खोली तुला. इथलं खायचं मात्र नाही.

नंतर

तिला मी दिसते. हसली. म्हणाली, आजी, मला माहीत होतं तू मला सोडून जायची नाहीस. दशमीचा तुकडा पुढे करते, माझ्याने घेववत नाही —

मी तिला जा म्हणते. हात जोडते. ती म्हणते, घरी गेले तर बोहल्यावर चढवतील, आणि तू आहेस ना इथे —

फडक्यात दोनच दशम्या. मी मोजल्या —

गच्चीवर चाललीय. कुंदा, ऊन आहे गं — ती वळून सांगते, आप्पा म्हणालेत, उद्या —