चकलीच्या डब्याचा तळ

प्रिय केंजीकाका,

तुम्ही हे जग सोडून तीन आठवडे झाले. पत्र लिहायचं ठरवलं नव्हतं. पण आज सकाळी तुमची मुलगी युमी माझा स्टीलचा डबा परत द्यायला आली आणि जे सांगून गेली, त्यानंतर मला गप्प बसवेना.

आठवतं? आम्ही इथे युरोपात, फेल्डहोवनला आलो त्या दिवाळीत मी शेजारधर्म म्हणून फराळ आणला, तर तुम्ही एकेक चकली काढून ताटलीत ठेवलीत आणि रिकाम्या डब्याचा तळ निरखून पाहिलात. मला इतका अपमान वाटला! मग तुम्हीच हसत खुलासा केलात. जपानमध्ये खासदार असताना एका बिल्डरने मिठाईचा खोका पाठवला, मिठाईखाली नोटा होत्या, आणि तुमच्या सेक्रेटरीने, नाकानोंनी, तो परस्पर ठेवून घेतला. ते तुरुंगात गेले. माणूस आपला म्हणून तुम्ही राजीनामा दिलात, हातातोंडाशी आलेलं मंत्रिपद सोडलंत.

काय विश्वास ठेवला मी! तुमच्यावरून नवऱ्याशी भांडले. आमच्या इराला शाळेत वर्गापुढे बोलायचं होतं. बाकीची मुलं मांजरावर, डॉल्फिनवर बोलली, ती तुमच्यावर बोलली. शेजारचे प्रामाणिक आजोबा! तुम्ही पुढच्याच खुर्चीत होतात. दहा वर्षांच्या पोरीचं कौतुक ऐकून घेताना काहीच कसं वाटलं नाही?

आज युमी म्हणाली, "खोका बाबांनीच उघडला होता. खालचा कागद उचलून पाहिला आणि मिठाई परत रचून ठेवली. मी समोरच होते, बारा वर्षांची."

म्हणजे तिलाही इतकी वर्षं गप्प ठेवलंत. आणि नाकानो? तुमचा गुन्हा अंगावर घेऊन ते तुरुंगात गेले, आणि तरी तुम्ही गेल्यावर त्यांनी युमीला लिहिलं, साहेबांची सेवा घडली हे भाग्य. ऐकून माझं डोकंच फिरलं.

सायकल मला तुम्ही शिकवलीत. त्या वयात, वाऱ्यात, सीट धरून मागे धावायचात. तो माणूसही खोटा होता का? नसावा. म्हणूनच राग आवरत नाही.

इरा शाळेतून आली की तिला सगळं सांगणार आहे. रडेल, रडू दे. आणि तुम्हाला शब्द देते, यंदाचा फराळाचा पहिला डबा नाकानोंना जाईल. तुम्ही काय पाहिलंत ते युमी चिठ्ठीत लिहून देणार आहे, तिच्या अक्षरात, सहीसकट. ती चिठ्ठी चकल्यांच्या खाली नाही, सगळ्यांत वर ठेवीन.

तुमच्यावर रागावलेली, तुमची शेजारीण,
मेधा