एमसी हादरा आणि मागची खोली

२ जून
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. रॅपर म्हणून स्टेजचं नाव ठरलं : एमसी हादरा. धक्का बसल्याशिवाय समाज जागा होत नाही. फरशीच्या दुकानातली नोकरी तात्पुरती.

५ जून
पहिलं गाणं तयार. मुख्य ओळी :
म्हातारा खोकतो, खोली अडवतो,
उचलला त्याला की स्टुडिओ घडवतो.
बायकोला ऐकवलं. म्हणाली, यात समाज कुठे आहे, हे तर आपले बाबा. समजावलं, की बाबा हे प्रतीक आहे. जुनी पिढी जागा अडवून बसलीय, त्यावर हे भाष्य. ती म्हणाली, प्रतीकाचं खोकल्याचं औषध संपलंय, तेवढं येताना आण.

६ जून
औषध राहिलं. दुसरं कडवं सुचत होतं.

९ जून
दुकानातल्या लोकांना ऐकवलं. हसले. कॅशियरने विचारलं, वडील बरे आहेत ना. सामाजिक टीका सगळ्यांच्या पचनी पडत नाही. ड्रायव्हर म्हणाला, इतकं फास्ट आहे की शब्दच कळले नाहीत.
बाबांना तर तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे घरी मोकळेपणाने प्रॅक्टिस. ते दारात उभे राहून मान डोलावतात. पोरगा गातोय याचं कौतुक. गैरसमज दूर केला नाही.

१३ जून
बायकोने बाबांसाठी कानाचं मशीन ठरवलं. मशीन बसवणाऱ्या दवाखान्यातल्या मॅडमची पद्धत अशी, की पहिल्यांदा घरच्या माणसाचा आवाज ऐकवून मशीन जुळवायचं. बाबांनी माझा आवाज मागितला. बायको म्हणाली, चार साधी वाक्यं बोलून पाठव.

१४ जून
रेकॉर्ड करायला बसलो. 'बाबा, कसे आहात'च्या पुढे गाडी सरकेना. शेवटी गाणंच पाठवलं. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. हा वेग बाबांना काय झेपणार?

१६ जून, संध्याकाळ
दुकानात गर्दी, म्हणून मी गेलो नाही. बायकोने सांगितलं. मशीन लावल्यावर बाबा हसले, बोटाने ताल धरला. मॅडमना वाटलं, पहिल्या दिवशी एवढा वेग नको. त्यांनी गाणं हळू करून लावलं. बोट थांबलं. मॅडमनी विचारलं, नीट ऐकू येतंय का. बाबा म्हणाले, "हो. शब्दन् शब्द."
घरी मी त्यांना प्रतीकाचं समजावणार होतो. त्याआधीच ते म्हणाले, "खोली हवी होती तर मागायचीस की."

१७ जून
बाबांनी स्वतःच कॉट हॉलमध्ये ओढत नेली. मी हात लावायला गेलो, तर नको म्हणाले.
एका अर्थी मुद्दा सिद्ध झाला. गाणं ऐकलं आणि जुन्या पिढीने जागा सोडली. बायकोला हे बोलून दाखवलं. तिने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि आत निघून गेली.

२२ जून
मागच्या खोलीत स्टुडिओ तयार. माइक लावला. दुसरं गाणं सुचत नाही. खोली फार शांत आहे.
बाबांना आता सगळं ऐकू येतं. दिवसभर बायकोशी गप्पा मारतात, रेडिओ ऐकतात. मी घरात शिरलो की मशीन काढून डबीत ठेवतात.
आज खोकल्याचं औषध आणलं. त्यांच्यासमोर बसून म्हणालो, बाबा, औषध आणलंय. त्यांनी मान डोलावली. माझ्या गाण्याला डोलवायचे, तशीच.