व्हाइटफील्डचा फोन

प्रिय नागू,

काल तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रागावली असशील. हे पत्र तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनपाशी देऊन जाणार आहे. वर आले असते तर तू कॉफी टाकली असतीस आणि जे सांगायचं ते तसंच राहून गेलं असतं.

आज सकाळी गांधीबझारातल्या आपल्या हॉटेलात एकटीच उभी होते. ‘बाय-टू’ सांगितली, एक कॉफी दोन पेल्यांत, आणि दुसरा पेला घ्यायला कोणीच नाही. काउंटरवरचा कामत म्हणाला, “मॅडम कुठे, गावाला गेल्या?” दोन्ही पेले मीच प्यायले. नोकरी गेल्यापासून तेवढी एकच ठरलेली जागा उरलीय बघ, सकाळी आंघोळ करून साडी नेसून जायची. घरी बोलायला कोणी नाही, हे तुला काय सांगायचं?

आपल्याला काढलं तो दिवस आठवतो? त्या खोलीत टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि टिशूचा डबा मांडून ठेवलेला. तू मला कोपरानं ढोसून म्हणालीस, “वने, भजी आहेत वाटतं आज.” समोरची एचआरची मुलगी बिचारी आपल्यापेक्षा जास्त घाबरलेली. तिच्या तोंडून आपलं काय होणार ते ऐकलं तेव्हाही तूच तिला पाणी दिलंस. मी मात्र तेव्हाच समजून चुकले होते की संपलं. तुला तसं वाटलं नाही. लिफ्टमध्येच म्हणालीस, “बरं झालं, आता चांगली नोकरी शोधू.”

मग तुझ्या जेवणाच्या टेबलावर बसून आपण रेझ्युमे लिहिले. तुझ्या नणदेचा मुलगा कीर्तन आला होता, नोकऱ्या लावून देणाऱ्या कंपनीतला. “अक्का, दोन हजार दहाच्या आधीचं सगळं काढा, पदवीचं सालसुद्धा. लोक वय मोजतात,” म्हणाला. तू उसळलीस, “मग तोपर्यंत आम्ही काय झोपा काढत होतो?” तू एक ओळ काढली नाहीस, चार पानं झाली तुझी. मी काढलं. बँकेच्या व्याजाच्या सॉफ्टवेअरचं काम काढलं. लीप वर्षात सगळ्या ठेवींचं व्याज चुकायला लागलं होतं आणि आख्खा मजला डोक्याला हात लावून बसला होता, तेव्हा तू वहीवर हातानं गणित मांडून चूक शोधलीस, तेही काढलं. तू आणि मी शेजारी बसून जे जे केलं ते सगळं गेलं, आणि मी एका पानात मावले.

त्यानं तरी काय झालं? अर्ज पाठवला की मिनिटात उत्तर यायचं, आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत. माणसानं वाचलंय असं एकदाही वाटलं नाही. एका मुलानं कॅमेऱ्यासमोर बसून विचारलं, “मॅडम, इतका अनुभव आहे तुम्हाला, आमच्याकडे कंटाळा नाही का येणार?” घरी भिंतीकडे बघून जो येतो त्यापेक्षा कमीच येईल, असं तोंडावर आलं होतं.

आणि मग ती व्हाइटफील्डची कंपनी. तुला मंगळवारी बोलावलं, मला गुरुवारी. ‘कळवतो’ म्हणाले एवढ्यावर तू बनशंकरीहून कुठली बस धरायची तेही काढून ठेवलंस. दावणगेरेच्या कॉलेजात शिकवायची जागा चालून आली, तुझ्या आईच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, तर प्राचार्यांना म्हणालीस, “शुक्रवारी सांगते, इथल्या एका कंपनीचा फोन यायचाय.”

कालचं, गुरुवारचं, तुला मी काहीच सांगितलं नाही. माणूस चांगला होता, पस्तिशीचा असेल. कॉफी मागवली, मनापासून प्रश्न विचारले, माझी उत्तरं त्याला पटत होती. कितीतरी महिन्यांनी मला मी कोणीतरी आहे असं वाटलं. मग तो म्हणाला, “नागरत्ना तुमच्याच कंपनीतल्या ना? ओळखता?” मी म्हटलं, “मी काम तिच्याकडूनच शिकले.” तो हसला. “हुशार आहेत, वादच नाही. पण मॅडम, पन्नाशीच्या बाईंना आम्ही कुठे बसवणार? आमची टीम सगळी तुमच्यासारखी, तरुण.” गप्प बसले असते तर नोकरी मिळाली असती, नागू. मी म्हटलं, “ती माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे.” तो हातातल्या कागदाकडे बघत राहिला, कागदावर नसलेली वर्षं शोधत असावा. मग अदबीनं उठून दारापर्यंत सोडायला आला. संध्याकाळी मेल आली, जागाच रद्द केलीय म्हणून.

तेव्हा तो फोन येणार नाही. तुलाही नाही, मलाही नाही. आज शुक्रवार आहे. हे वाचून झालं की आधी प्राचार्यांना फोन कर आणि हो म्हण. पगार थोडा आहे, गाव लहान आहे, तुला शिकवायला आवडेल की नाही तेही ठाऊक नाही. पण तिथे तुझी कोणीतरी वाट बघतंय. इथे आता आपली कोणी बघत नाही, हे मला कळलंय आणि तू कळून घ्यायला तयार नाहीस. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, “असं काय करतेस वने, आणखी एक ठिकाण बघू,” आणि मी लगेच हो म्हटलं असतं. तू जाऊ नयेस असंच मला वाटतं. म्हणून लिहून पाठवतेय.

तुझीच,
वनजा